‘धा’ वाटेत कुठे अडकतो?

मी अमरावतीत तबला शिकवतो. साईनगरातल्या घराच्या वरच्या मजल्यावर एक सतरंजी, तीन जोड तबले आणि एक हार्मोनियम, एवढा माझा वर्ग. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हा वर्ग मोबाइलवर गेला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती पुन्हा बंद झाली तेव्हा तो तिथेच रुळला. त्या दिवसांत अकोल्याच्या जठारपेठेतली एक मुलगी माझ्याकडे शिकायला लागली. आता ती नववीत आहे. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात वाजता, ती तिकडून वाजवते आणि मी इकडून ऐकतो.

गेल्या हिवाळ्यात तिची लय हलायला लागली. तीनतालाचा साधा ठेका, पण दुसऱ्या विभागाचा ‘धा’ कधी आधी यायचा, कधी मागे राहायचा, कधी दोन मात्रा एकमेकींना चिकटूनच यायच्या. मी समजावलं, मेट्रोनोम लावून रियाज करायला सांगितलं, मग रागावलोही. तिसऱ्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला. “गुरुजी, पोरगी रडून राहिली. घरी तर बरोब्बर वाजवते, मी सोता ऐकते ना.” मी म्हटलं, उद्या सकाळी सहाला लावा. सकाळी तिनं तोच ठेका वाजवला आणि एकही मात्रा इकडची तिकडे झाली नाही. तिच्या हातात काहीच दोष नव्हता. अकोल्याहून अमरावतीला येताना तिचा ‘धा’ वाटेत कुठेतरी अडकत होता, आणि त्याचा राग मी एका लेकरावर काढत होतो. त्या तीन आठवड्यांची भरपाई म्हणून हे सगळं लिहितो आहे.

पुष्कळ जण करतात तेच मी आधी केलं. मोठा प्लॅन घेतला. ५० एमबीपीएसचा होता तो १५० चा केला, महिन्याचे पैसे वाढले. स्पीड टेस्टचा काटा १४० च्या पुढे जायचा. लाइनवाला पोरगाही येऊन पाहून गेला. “काका, स्पीड तर फुल भेटून रायला तुमाले,” म्हणाला, आणि ते खरंच होतं. संध्याकाळी सातला ठेका मात्र तसाच लंगडत होता.

स्पीड वेगळा आणि उशीर वेगळा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडे हे समजायला रस्त्याचं उदाहरण बरं. अमरावती–अकोला महामार्गाचं काम वर्षानुवर्षं रखडलं होतं. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा सलग डांबरी थर टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता रुंद झाला की तासाला जास्त गाड्या जातात. पण रस्ता मोकळा असेल तर एकट्या मोटारसायकलला अकोला गाठायला तेवढाच वेळ लागतो, मग पदर दोन असोत की चार. स्पीड टेस्टमधला एमबीपीएसचा आकडा म्हणजे रस्त्याची रुंदी. माहितीच्या एका पुडक्याला जाऊन परत यायला जो वेळ लागतो ती लेटन्सी, आणि ती मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. सिनेमा पाहायला रुंदी लागते. बोलायला, शिकवायला, डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवायला, पोरांना गेम खेळायला पुडकं वेळेवर पोचावं लागतं. रुंदी वाढवून उशीर कमी होतो तो एकाच परिस्थितीत, जेव्हा खोळंबा अरुंदपणामुळेच झालेला असतो.

मिलिसेकंद हा तसा तबलजीच्या ओळखीचा प्रांत. मिनिटाला १२० मात्रांची मध्यलय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. त्या मात्रेत ‘तिरकिट’ बसवलं की ति, र, कि, ट यांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला १२५ येतात. सव्वाशे मिलिसेकंद उशीर झाला की एक अक्षर गेलं, पाचशे झाला की अख्खी मात्रा गेली. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून मैफलीत दहा मीटर लांब बसलेल्या माणसाला तो जवळजवळ ३० मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो. वादकांवर प्रयोग करून अभ्यासकांनी पाहिलं आहे, की एकमेकांचा आवाज २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंत उशिरा आला तरी माणसं मिळून वाजवू शकतात. त्यापुढे दोघंही एकमेकांची वाट पाहायला लागतात आणि लय खाली उतरते. बोलण्याला सवलत मोठी आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेनं १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर झाला तरी संभाषण सुरळीत चालतं.

शिकवणाऱ्याला तर ठरावीक उशीर फारसा नडत नाही. तिनं वाजवलेलं मला अर्ध्या सेकंदानं ऐकू आलं, पण सगळंच अर्ध्या सेकंदानं आलं, तर लय साबूत पोचते. घात करतो तो कमी-जास्त होणारा उशीर. एक बोल २० मिलिसेकंदांत, पुढचा ३०० मध्ये, त्यापुढचा ४० मध्ये. याला जिटर म्हणतात. आमच्या मुलीला रडवलं ते जिटरनं.

हे शोधून काढलं माझ्या भाच्यानं. तो इथेच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. “मामा, प्लॅन काहून वाढवला? आधी पिंग तर करून पाहा लागत होतं,” असं म्हणून त्यानं लॅपटॉप उघडला. चिखलदऱ्याच्या पंचबोल पॉइंटवर जे उभे राहिले आहेत त्यांना पिंग लगेच कळेल. तिथे दरीकडे तोंड करून हाक मारली की समोरच्या डोंगरांवरून ती परत येते. हाक आणि प्रतिसाद यांत किती वेळ गेला ते मोजलं की डोंगर किती लांब ते समजतं. कॉम्प्युटर हेच करतो, एक बारकं पुडकं पाठवतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते लिहितो. अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये हा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि पाण्याखालचा ठाव घेणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला ‘पिंग’ नाव दिलं. चाळीस वर्षं उलटून गेली तरी इंटरनेटचं दुखणं पाहणारा जाणकार पहिल्यांदा हेच हत्यार बाहेर काढतो. लॅपटॉपच्या कमांडच्या खिडकीत पिंग लिहून पुढे पत्ता टाकायचा. मोबाइलसाठी फुकट ॲप मिळतात.

भाच्यानं एक शिस्त शिकवली, ती मी आता भेटेल त्याला सांगतो: हाक आधी जवळ मारा, मग लांब.

सगळ्यात जवळची हाक घरातल्या राउटरला. त्याचा पत्ता राउटरच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर असतो, पुष्कळ घरांत १९२.१६८.१.१ किंवा त्याच्या जवळपासचा. राउटर खाली, मी वर. उत्तर एक ते पाच मिलिसेकंदांत यायला हवं होतं. पडद्यावर एकेक ओळ उतरत गेली: ३, ४, ८७, ५, २१२, ३, उत्तर नाही, १४०. पुडकं अजून घराच्या उंबरठ्याबाहेरही पडलं नव्हतं, आणि वीस पायऱ्यांच्या आत लय मोडत होती.

लाइन बसवणाऱ्यानं वायर जिथून आत आली तिथेच, जिन्याखालच्या लोखंडी कपाटामागे राउटर ठेवला होता. लोखंड वाय-फायच्या लहरी परतवून लावतं. जाड विटांच्या भिंती आणि स्लॅबमधल्या सळया उरलेल्या लहरींना दमवतात. अकोल्याला मुलीच्या आईनं व्हिडिओवर घर दाखवलं तर तिथे आणखी एक गोष्ट निघाली. हॉलमध्ये स्टँडवर कूलर, त्याच्या मागच्या फळीवर राउटर, आणि मुलगी कूलरच्या पुढच्या खोलीत. वऱ्हाडात कूलरशिवाय घर विरळाच. मार्चमध्ये तो बाहेर निघतो, आणि पुष्कळ घरांत उचलून ठेवायला जागा नाही म्हणून हिवाळाभर जुनी चादर पांघरून तिथेच उभा असतो. पत्र्याचा मोठा डबा, तिन्ही बाजूंना ताट्या, खाली पाण्याची टाकी. हिवाळ्यात नुसता पत्रा आडवा येतो. उन्हाळ्यात ओल्या ताट्या आणि पाणीही आडवं येतं, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायचं पाण्याशी जमत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन जवळपास त्याच लहरींवर चालतो, आणि अन्न तापतं ते त्यातलं पाणी या लहरी शोषून घेतं म्हणूनच.

उन्हाळ्याची आणखी एक बाजू आहे. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालावेत असे बनवलेले असतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. त्यात तो बंद कपाटात किंवा तापलेल्या स्लॅबखाली कोंडला तर दुपारनंतर अडखळायला लागतो, आणि माणूस लाइनला दोष देतो. राउटर उघड्यावर, छातीइतक्या उंचीवर, घराच्या मध्याजवळ आणि वारा लागेल असा ठेवा. दिसायला बरा दिसत नाही म्हणून लपवू नका.

जागा बदलून आकडे सुधारले, पण पूर्ण नाही, कारण वाय-फायची हवा सगळ्या गल्लीची मिळून एक असते. त्या हवेत एका वेळी एकानंच बोलायचं. दुसरं कुणी बोलत असेल तर थांबायचं आणि पाळी पाहायची. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न जाणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. भाच्यानं माझ्या खोलीत बसून मोजले तर गल्लीतले सतरा राउटर दिसले आणि त्यांतले अकरा एकाच चॅनेलवर. संध्याकाळी सातला सगळे घरी परततात, टीव्ही लागतात, पोरं मोबाइल घेऊन बसतात. पहाटे सहाला हवा मोकळी असते. मुलीचा हात सकाळी कसा सुधारला, याचं अर्धं उत्तर इथे मिळालं. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आहे, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर थकतात, म्हणून राउटर त्याच खोलीत असेल तरच त्याचा खरा लाभ. खात्रीचा उपाय जुनाच आहे, वायर. मी जिन्यावरून १५ मीटर लॅन केबल वर आणली आणि लॅपटॉपला जोडली. राउटरला हाक मारली: १, १, १, १, १. चांगला लेहरा धरणारा माणूस जसा एका लयीत बसतो, तसे ते आकडे एकाखाली एक बसले.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र मी कधी शोधलंच नसतं. वायर लावून बाहेरचा पत्ता घेतला, गूगलचा सार्वजनिक पत्ता ८.८.८.८, लक्षात राहायला सोपा. १८, १९, १८, सगळं छान. सात वाजून दहा मिनिटांनी आकडे चढायला लागले: ६४, २३०, ४८०, ७१०. कुणी सिनेमा पाहत नव्हतं, डाउनलोड करत नव्हतं. भाचा खाली गेला. माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर शाळेतल्या उपक्रमांचे फोटो आणि व्हिडिओ काढावे लागतात. संध्याकाळी चहा झाला की ती फोन चार्जिंगला लावते, आणि फोन एकदा चार्जिंगला व घरच्या वाय-फायला लागला की दिवसभराचं सगळं आपोआप क्लाउडवर चढायला लागतं. भाच्यानं तो बॅकअप थांबवला. मी वर आकडे पाहत होतो: ६९०, ३०५, २२, १८, १८. पुन्हा सुरू केला, पुन्हा सातशे. तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा तेच झालं.

हे असं का होतं, ते कापसाच्या हंगामात कुठल्याही जिनिंगच्या फाटकावर दिसतं. दिवाळीनंतर बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. काटा एक आणि ट्रॉल्या साठ. त्या रांगेच्या शेवटी तुम्ही खिशात एक चिठ्ठी घेऊन सायकलवर आलात, आणि कुणीही रांग सोडून पुढे जायचं नाही असा नियम असला, तर नुसती चिठ्ठी द्यायला दिवस मावळेल. राउटरमध्येही थांबायची अशी जागा असते, तिला बफर म्हणतात. बाहेरची वाट भरली की पुडकी तिथे उभी राहतात. मेमरी स्वस्त झाली तसे बनवणाऱ्यांनी हे बफर मोठे केले, एकही पुडकं सांडू नये या चांगल्या हेतूनं. पण पाठवणारा कॉम्प्युटर सहसा पुडकं हरवल्याचं कळलं की मगच हात आखडता घेतो. रांग वाढतच गेली, काही सांडलंच नाही, तर गर्दी झाल्याचं त्याला कळत नाही आणि तो ट्रॉल्या पाठवत राहतो. तबल्याचा एक बोल म्हणजे ती सायकलवरची चिठ्ठी. घराघरांतून अपलोडची वाट बहुधा डाउनलोडपेक्षा लवकर भरते, त्यामुळे फोटोंचा बॅकअप किंवा क्लाउडवर चित्र पाठवणारा कॅमेरा एकटाच सगळ्या घराची बोलणी बिघडवू शकतो.

जिम गेटिस या अमेरिकन अभियंत्यानं २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या लाइनवर हेच पाहिलं आणि या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं, म्हणजे फुगलेलं बफर. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ नावाची पद्धत मांडली. रांग किती लांब आहे याकडे ती पाहत नाही. पुडकं रांगेत किती वेळ उभं राहिलं ते पाहते, आणि सतत ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त उभं राहावं लागत असेल तर एखादं पुडकं मुद्दाम टाकून पाठवणाऱ्याला इशारा देते. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. सांडू न देण्यापेक्षा वेळेवर सोडणं महत्त्वाचं, हे ज्यानं ठेका धरला आहे त्याला पटवावं लागत नाही.

यावर फुकटचा उपाय म्हणजे बॅकअपची वेळ बदलणं. आमच्याकडे तो आता रात्री दहानंतर चालतो. दुसरा उपाय राउटरचा. काही राउटरांत ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ नावाची सोय असते. तिथे अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा आपल्याला खऱ्या मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवायची. थोडी रुंदी सोडून दिली की रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे चिठ्ठीवाल्याला ट्रॉल्यांच्या बाजूनं पुढे सोडता येतं. मी पुन्हा ५० च्या प्लॅनवर आलो आणि वाचलेल्या पैशांत असा राउटर घेतला. माझं स्पष्ट मत आहे, की बहुतेक घरांना लेटन्सीसाठी मोठ्या प्लॅनची गरज नसते. स्पीड टेस्ट करायचीच तर डाउनलोड आणि अपलोड चालू असतानाचा पिंग जी दाखवते ती करा आणि तोच आकडा वाचा. लाइन रिकामी असतानाचा पिंग सगळ्यांचाच गोड असतो.

एवढं झाल्यावर भाच्यानं ट्रेसरूट चालवून दाखवलं. पिंग शेवटच्या टोकाला हाक मारतो, ट्रेसरूट वाटेतल्या एकेका थांब्याला. हे हत्यारही त्याच जेकबसन यांनी १९८० च्या दशकात बनवलं. अकोला आमच्यापासून शंभरेक किलोमीटर. बडनेरा सोडलं की मूर्तिजापूर, मग अकोला. पण थांब्यांच्या यादीत मुंबई होती. अमरावतीचं पुडकं मुंबईला व्हिडिओ कॉलच्या सर्व्हरपर्यंत जातं आणि तिथून उलटं अकोल्याला येतं. रेल्वेच्या अंतरानं मोजलं तर मुंबई–बडनेरा साडेसहाशेच्या वर आणि मुंबई–अकोला पाचशे ऐंशीच्या आसपास, म्हणजे शेजारच्या जिल्ह्याचा निरोप जवळजवळ साडेबाराशे किलोमीटर फिरून येतो. तरी ही सुधारलेली स्थिती आहे. भारतातल्याच दोन कंपन्यांमधली पुडकी पूर्वी परदेशात जाऊन परत यायची. ती देशातच बदलली जावीत म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था उभी राहिली.

मला वाटलं, सापडला चोर. पण भाच्यानं कागदावर हिशेब मांडला. काचेच्या तंतूत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. साडेबाराशे किलोमीटरला सव्वासहा मिलिसेकंद. ‘तिरकिट’मधल्या एका अक्षराचा विसावा भाग. मुंबईचा फेरा एवढ्यात होतो, आणि माझ्या जिन्याखालच्या कपाटानं एकट्यानं २१२ खाल्ले होते. ट्रेसरूट वाचताना एक काळजी घ्या. मधल्या एखाद्या थांब्याचा आकडा मोठा दिसला किंवा आकड्याच्या जागी नुसत्या चांदण्या (*) दिसल्या म्हणून तिथे बिघाड आहे असं समजू नका. पुष्कळ यंत्रं अशा हाकांना फुरसतीनं उत्तर देतात. वाढलेला आकडा पुढच्या सगळ्या थांब्यांवर शेवटपर्यंत टिकला तरच तो खरा.

परदेशात शिकवणाऱ्यांना मात्र अंतर सोडत नाही. मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या बहुतेक केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि इजिप्त या वाटेनं जातात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जेद्दाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावलं आणि पुडकी लांबच्या वळणानं जाऊ लागली. अशा वेळी घरातला राउटर हलवून काही होत नाही.

कानाजवळच्याही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ब्लूटूथचे इअरफोन आवाज बांधून, पाठवून, सोडवून कानात घालेपर्यंत दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज घेतात. वर्गात साधे वायरचे इअरफोन वापरा. आणि व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये मागचा गोंगाट काढून टाकणारी सोय असते, तिला तबला हाच गोंगाट वाटतो. बायाँचा गुंजारव तर ती समूळ कापते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. या दोन्हींमुळे पिंग बदलत नाही, पण वर्ग बदलतो.

वायर लावली, लाइन रिकामी ठेवली, राउटरचा पिंग १ आहे, आणि तरीही बाहेरचा पिंग रोज संध्याकाळी फुगतो किंवा हाका हरवतात, असं असेल तर दोष घराबाहेर आहे. अकोल्याच्या घरी हेही निघालं. आपल्याकडे फायबर खांबावरून, गच्च्यांवरून, झाडांतून ओढलेली असते, तिच्यावरून माकडं उड्या मारतात. त्यांच्याकडे ती खिडकीच्या गजाला करकचून वळवून आत घेतली होती. काचेच्या तंतूला तीव्र वळण दिलं की उजेड बाहेर गळतो. घरातल्या यंत्रापर्यंत पोचणारा उजेड उणे २७ डीबीएमच्या (उजेडाची ताकद या एककात मोजतात) खाली गेला की चुका वाढतात. त्यांचा उणे २९ होता. तंत्रज्ञानं वळण सोडवून जोड नव्यानं केला, तो उणे २१ वर आला. काम वीस मिनिटांचं, पण त्यासाठी चार वेळा फोन करावा लागला, कारण दर वेळी येणारा माणूस स्पीड टेस्ट दाखवून परत जायचा.

चौथ्या वेळी तिच्या आईनं वही पुढे केली. तारीख, वेळ, वायरवर की वाय-फायवर, राउटरचा पिंग, बाहेरचा पिंग, अशा सात दिवसांच्या नोंदी. त्यापुढे कुणी वाद घातला नाही. ग्राहकाला हा आधार आहे. दूरसंचार नियामक ट्रायनं २००६ साली ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे नियम केले तेव्हाच स्पीडबरोबर लेटन्सीचीही मर्यादा घातली होती, कंपनीच्या केंद्रापासून देशातल्या एक्स्चेंजपर्यंत १२० मिलिसेकंदांपेक्षा कमी. २०२४ च्या नव्या नियमांतही लेटन्सी आहे. तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक मागून घ्या, आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. लाइन पाहायला घरोघर जाणाऱ्या मुलांनाही माझी विनंती आहे. उन्हातान्हात खांबावर चढून तुम्ही काम करता, त्याची मला किंमत आहे. स्पीड टेस्टनंतर एक मिनिट पिंगही लावून दाखवत जा.

परवा संध्याकाळी सातला मुलीनं ‘तिरकिट’चा कायदा चौगुनीत वाजवला. वहीत नोंद आहे: राउटर १, बाहेर १९, बॅकअप बंद. तुमच्या घरचं लेकरू ऑनलाइन काही शिकत असेल, आणि शिकवणारे त्याच्यावर रागावत असतील, तर आज त्याच वेळी, त्याच्याच खोलीतून, राउटरला एक हाक मारून पाहा.